राखेखालची धग

महाल भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी दादाजींचं इस्त्रीचं टेबल होतं. कोळशाची इस्त्री किती तापली, हे ते हाताची पाठ जवळ नेऊन ओळखत. मी शाळेत गुरुजी; माझा एकही सदरा त्यांनी कधी जाळला नाही.

त्यांची बायको गोपिकाबाई शेजारी बसून कपड्यांवर पाणी शिंपडायची. जुना संधिवात, बोटं वाकडी, मनगटं सुजलेली. रोज सकाळी दादाजी तिच्या सांध्यांवरून हाताची पाठ फिरवत आणि गरम लागेल तिथं तेल चोळत.

"मनगट आज जास्त तापलं वं."

"मग फिरवा कपड्यायवर. कोळसा वाचंल."

त्र्याऐंशी सालच्या थंडीत एका सकाळी ती म्हणाली, "अजी, डावा हात लय दुखून राहिला. खांद्यापासून."

वातच असणार, असं आम्ही सगळेच म्हणालो. दादाजींनी तेलाची वाटी घेतली, हात टेकवला आणि थांबले.

"गुरुजी, हा हात थंडा आहे. घाम आला हिले. ही रोजची सूज नाही."

"काहून भेव दाखवता? चोळा न गुमान!"

त्यांनी चोळलं नाही. मी सायकलरिक्षा थांबवली आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. हृदयविकाराचा झटका होता. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले.

दादाजींना पटेना. "साहेब, तूप हिच्या ताटात कधी पडलं? हा तं शेठ लोकायचा रोग!"

डॉक्टर तरुण होते, पण घाईत नव्हते. रक्तवाहिनीत चरबी साचते हे खरंच, ते म्हणाले. पण सांध्यांत वर्षानुवर्षं आहे तसा मंद दाह त्या वाहिनीच्या भिंतीतही चालू असावा. सुजलेली भिंत चरबी धरून ठेवते, एक दिवस फाटते आणि तिथंच रक्त गोठतं. "काहींना अशी शंका आहे. अजून पक्कं नाही."

"म्हणजे राखेखालचा विस्तव," दादाजी हळूच म्हणाले. "वरून विझल्यावानी दिसते."

गोपिकाबाई घरी आली. सुजेवरचं औषध नियमानं सुरू झालं. उन्हाळ्यात ती पुन्हा टेबलाजवळ बसू लागली. पाण्याचा तांब्या मात्र दादाजी उचलू देत नसत. सकाळची तपासणी चालूच होती, आता खांद्यापासून बोटांपर्यंत.

"पाहा गुरुजी," ती एकदा म्हणाली, "लोकायच्या घरी नवरा बायकोले पाहते. माहा नवरा मले इस्त्रीवानी पाहते!"

"त्याच्यानंच वाचली न वं?" दादाजी म्हणाले.

"तेच तं सांगून राहिली," ती म्हणाली आणि दुसरा हात पुढे केला.