आतून पॉलिश केलेली पेटी

लाकूड दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही, ही पॉलिशवाल्याची जुनी खोड. कुणाकडे चहाला गेला तरी आधी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवणार, मग नाक मुरडणार आणि मग कप उचलणार. बायको म्हणायची, "अहो, लोक माणसांना भेटायला जातात, तुम्ही फर्निचरला भेटायला जाता." बरं, ही खोड निदान पोटापाण्याची होती. दुसरी निव्वळ तोट्याची. दादाची, म्हणजे थोरल्या भावाची, कुठलीही वस्तू याच्या हातात आली की तिचं वाटोळं झालंच म्हणून समजा. दादाची सायकल याने सुधारायला घेतली, तिचा ब्रेक कायमचा गेला. दादाचा रेडिओ आतून पुसला, त्यानंतर त्याने तोंड उघडलं नाही. घड्याळाबद्दल तर बोलायलाच नको. आणि दर वेळी दादाचं एकच, "असू दे रे." त्या "असू दे रे"चा पॉलिशवाल्याला भयंकर राग यायचा. माणसाने एकदा तरी सणसणीत शिवी हासडावी की नाही?

दादा जहाजावर मुख्य स्वयंपाकी होता. हात चांगला होताच, पण खरी कमाई नाकाची. झाकण न उचलता आतल्या रश्शाला काय कमी पडलंय ते सांगायचा. या वर्षी त्याने नोकरी सोडली. का, ते नीट सांगितलं नाही. "पुरे झालं आता," एवढंच. तो यायच्या आधी त्याचं सामान आलं, आणि सामानात निघाली सिगारची एक पेटी. कप्तानाने निरोपाला दिलेली.

"मी येईपर्यंत सांभाळ," दादा फोनवर म्हणाला. "आल्यावर दोघं बसून ओढू. सुकू देऊ नकोस, भिजवू नकोस. आणि फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नकोस."

पॉलिशवाल्याने मान वळवून पाहिलं. बायको नुकतीच फ्रिजचं दार लावत होती.

"त्यासाठी ह्युमिडॉर मिळतो, तो घे. म्हणजे दमट पेटी. महागातली नको. तिचा ओल मोजणारा काटा सत्तरच्या आसपास राहिला की झालं."

"दादा, या घरात मला कुणी एवढं जपत नाही," पॉलिशवाला म्हणाला खरा, पण फोन ठेवला तेव्हा त्याचं मनाशी पक्कं ठरलेलं होतं. एकदा, फक्त एकदा, दादाची वस्तू दादाच्या हातात धड द्यायची. मग पुढे काहीही होवो.

तंबाखूच्या दुकानात गेला तर किमती बघून त्याने आधी खिसा चाचपला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय? बरं, मसाला तरी धड असावा. एका पेटीवरचा पापुद्रा कोपऱ्यात उचललेला, दुसरीचं झाकण वाकडं. याने प्रत्येकीत खोट काढली आणि दुकानदाराने प्रत्येक वेळी संयम राखला.

"काचेच्या झाकणाची नका घेऊ," दुकानदार म्हणाला. "दिसायला छान, पण फटीतून हवा जाते. हे बघा, झाकण वरून सोडा. खाडकन आदळलं तर नाही घ्यायची. आतली हवा दाबत सावकाश बसलं पाहिजे. आता ही बघा, स्वस्त आहे आणि झाकण बसतं नीट."

झाकण खरंच सावकाश बसलं. पेटी साधी, दर्शनी बाजूला काट्याची चकती, आत सीडरचं कोरं लाकूड.

"घरी नेल्यावर लगेच सिगार भरू नका. आत वाटीभर डिस्टिल्ड पाणी ठेवून पेटी काही दिवस बंद ठेवा. लाकडाला आधी त्याची तहान भागवू द्यायची, नाहीतर ते सिगारची ओल पिऊन टाकतं. नळाचं पाणी घालू नका, बुरशी येते. आणि आतल्या लाकडाला..."

"लाकूड मला शिकवू नका," पॉलिशवाला म्हणाला. "सगळं आयुष्य त्यातच गेलंय."

"बरं," दुकानदार म्हणाला. "एवढा खर्च नको असेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि ओल राखणारी पाकिटंही चालतात. चांगलं काम देतात."

दादाची सिगार आणि प्लॅस्टिकच्या डब्यात? पॉलिशवाल्याने पेटीचे पैसे मोजले आणि पुढचं काहीही न ऐकता तो बाहेर पडला. दुकानदाराचं ते अर्धं राहिलेलं वाक्य तिथेच राहिलं. आता याला काय म्हणावं? ज्याला दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबता येत नाही, त्याने नाजूक वस्तू सांभाळायला घेऊच नये.

घरी आल्यावर पेटी उघडली आणि आतलं कोरं लाकूड त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. वरून गुळगुळीत आणि आतून ही अशी. बनवणाऱ्याने कामचुकारपणा केलाय, पैसे वाचवलेत, याबद्दल त्याच्या मनात तिळभरही शंका नव्हती. हात फिरवला तर खरखर. शिवाय दुकानदार स्वतःच म्हणाला होता की लाकूड ओल पितं. मग पिणाऱ्याचं तोंडच बंद केलं तर? त्याने पॉलिश पेपर घेतला, आतून घासलं, लाख स्पिरिटमध्ये विरघळवली आणि मलमलच्या बोळ्याने हात मारायला सुरुवात केली. एक हात, वाळू दिला, वरून दुसरा. कोपऱ्यांत तर त्याने काडीला कापूस गुंडाळून पॉलिश पोचवलं. इतकं मन लावून त्याने स्वतःच्या लेकीच्या रुखवतातल्या कपाटालाही पॉलिश केलं नव्हतं. पेटी आतून आरशासारखी झाली. चांगली वाळल्यावर त्याने पेटीतल्या ओलीच्या स्पंजवर डिस्टिल्ड पाणी घातलं, सिगार ओळीने मांडल्या आणि झाकण लावलं.

काटा सत्तरवर आला आणि तिथेच राहिला. रोज सकाळी दात घासायच्या आधी तो काटा बघायचा. सत्तर. उन्हाचा दिवस, सत्तर. ढगाळ, तरी सत्तर. बायकोला बोलावून दाखवायचा. "बघ, याला म्हणतात काम."

दादा यायला थोडेच दिवस उरले तेव्हा त्याने सहज झाकण उचलून आत नीट पाहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लटकले होते. खालच्या ओळीतल्या सिगारवर पांढरी लव आली होती. आणि वास! तंबाखूचा नव्हे. त्याच्या स्वतःच्या पॉलिशच्या दुकानाचा, ज्या वासापायी त्याच्या शर्टांना बायको स्वतंत्र बादली ठेवते, तो.

लेक माहेरी आली होती. तिने फोनवर शोधलं आणि बापाकडे बघितलं.

"बाबा, आतून पॉलिश केलंत?"

"मग? कोरं ठेवायचं?"

"कोरंच ठेवतात. लाकूड जास्तीची ओल घेतं आणि लागेल तशी परत देतं. तुम्ही त्याचं नाकतोंडच बंद केलंत."

"पण काटा सत्तरवर आहे ना!"

लेकीने बाटलीच्या झाकणात थोडं ओलं मीठ घेतलं, पेटीचा काटा काढून तो आणि मीठ एका पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं. ओल्या मिठाभोवती ओल नेहमी पंच्याहत्तर असते, म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत काट्याने तेवढं दाखवायला हवं होतं. काट्याने दाखवलं सत्तर. मग तिने तो खिडकीत उन्हात ठेवला. सत्तर. त्याच्यावर टिचकी मारली तरी सत्तर. पॉलिशवाल्याने कपाळाला हात लावला. इतके दिवस तो एका मेलेल्या काट्याचं रोज सकाळी दर्शन घेत होता.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. सिगार प्लॅस्टिकच्या डब्यात गेल्या, सोबत ओल राखणारी पाकिटं. ज्या डब्याला नाक मुरडलं त्याच्याच पाया पडायची वेळ आली. लव आलेल्या फेकल्या, बाकीच्या कोरड्या फडक्याने एकेक पुसल्या. ओल ठिकाणावर आली, सिगार बोटाला हव्या तशा मऊ लागायला लागल्या. वास मात्र हलेना. नव्या घ्याव्यात म्हणून दुकानात गेला, तर तशा तिथे मिळतच नव्हत्या. दुकानदाराने झालं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी सांगत होतो तुम्हाला." पॉलिशवाला मूग गिळून घरी आला. स्वतःवरचा राग त्याने दोन दिवस बायकोवर काढला, तिसऱ्या दिवशी तिने तो परत केला.

दादा वहिनीला घेऊन आला. जरा वाळलेला वाटला. जेवणं झाली, वहिनी आणि बायको आत गप्पा मारत बसल्या आणि दोघे भाऊ गॅलरीत खुर्च्या टाकून बसले. पॉलिशवाल्याने डबा पुढे ठेवला. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून तो बसला होता. पण तोंड उघडेपर्यंत दादाने सिगार उचलली, टोक कापलं आणि पेटवलीसुद्धा.

एक झुरका घेऊन दादाने डोळे मिटले. "वा," तो म्हणाला. "काय ठेवलीस रे. अगदी जशीच्या तशी."

पॉलिशवाल्याने आपली पेटवली. पहिल्याच झुरक्याला त्याला ठसका लागला. जिभेवर कपाट चाटल्यासारखं झालं. आणि हा समोर बसून वा म्हणतोय. म्हणजे तेच. सायकल, रेडिओ, घड्याळ आणि आता हे. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्याच्या तोंडावाटे बाहेर आलं.

"दादा, खोटं बोलू नकोस. माझं मन राखायचा तुझा हा उद्योग मला पुरे झाला. नुसत्या लाखेचा आणि स्पिरिटचा वास मारतोय तिला. मी पेटी आतून पॉलिश केली. घातली तुझी वस्तू मातीत, नेहमीसारखी. आता तरी दे एक शिवी."

दादाने शिवी दिली नाही. "असू दे रे"ही म्हणाला नाही. त्याने सिगार नाकाखाली धरली आणि जोराने श्वास घेतला. मग दुसऱ्या बाजूने धरून पुन्हा घेतला.

"मारतोय?" त्याने विचारलं.

पॉलिशवाल्याने आपली सिगार खाली ठेवली.

"गेल्या वर्षी ताप आला होता," दादा म्हणाला. "त्यात गेलं नाक. वाटलं, येईल परत. मग एकदा कढईत तेल जळत होतं आणि मी तिथेच उभा. दुसऱ्या कुणीतरी धूर बघून आच बंद केली. त्यानंतर कप्तानाने ती सिगारची पेटी दिली."

"वहिनीला?"

"नाही सांगितलं. ती विचारते भाजी कशी झालीय, मी म्हणतो छान."

आतून बायकांचं हसणं ऐकू आलं. पॉलिशवाल्याला वाटलं, आपली जीभ कापून कुणीतरी त्या डब्यात ठेवावी. माफी मागावी तर कशाची मागावी हेही त्याला कळेना.

"सांग ना," दादा म्हणाला.

"काय?"

"वास. कसा येतोय ते. नीट सांग, घाई करू नकोस."

पॉलिशवाल्याने सिगार नाकाशी नेली. "आधी स्पिरिट येतं. चावतं जरा."

"मग?"

"मग लाख. गोडसर. थोडी जळकी."

"आणि तंबाखू?"

पॉलिशवाल्याने मोठा श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. तंबाखूचा वास नावालाही नव्हता.

"आहे की," तो म्हणाला. "चांगली आहे, दादा. ओढ तू."

दादाने मान डोलावली आणि पुढचा झुरका घेतला.