बैलाची बाजू

इंग्रजी साहित्य आणि इतिहास हे दोन विषय आमच्या घराण्यात कुणी एकत्र शिकलं नव्हतं. खरं तर वेगवेगळेही कुणी शिकलं नव्हतं, आणि त्यावाचून आमचं काही अडलंही नव्हतं!

पण आमच्या लेकीनं, तेजूनं, पुण्याला विद्यापीठात जाऊन नेमके हेच दोन धरले. "म्हंजी जे घडलंच न्हाई ते वाचायचं, आन् जे घडून गेलं ते उगाळायचं!" असं मी शिरूरच्या बाजारात दिसेल त्याला समजावून सांगत असे. (मी शेवंती लावतो. त्यामुळे शिक्षणावर माझी मतं ठाम आहेत.)

पहिलं वर्ष संपवून ती सुट्टीला आली, आणि तिच्या पाठोपाठ माझा मेव्हणा संपत आला. तो कुरकुंभला केमिकल कंपनीत असतो.

"दाजी, काढा तिला तिथनं. बीएस्सीला घाला. पुढं आमच्या लॅबमधी चिकटवतो."

"बाबा, मला हेच शिकायचंय," तेजू म्हणाली.

"शिकून करणार काय?" मी विचारलं.

"एखादी गोष्ट खरी कशी घडली ते शोधायचं. आणि लोकांना ऐकावीशी वाटेल अशी सांगायची."

"आगं, हे तर आपल्या पारावर फुकट चालतंय!"

त्याच महिन्यात दौंडला माझ्या सासऱ्यांची पंच्याहत्तरी होती. गावाचे ते आबा, माझे मामा. मांडव, बुंदी, हायवेवरून दिसेल एवढा फ्लेक्स (कोपऱ्यात गॉगल घातलेला मी). अशा सोहळ्यात सत्कारमूर्तींचा जीवनपट माइकवर वाचतात, आणि आमच्यात तो मान थोरल्या जावयाचा. म्हणजे माझा.

मी तेजूला अट घातली. "जीवनपट तू लिही. आबा खूश झालं तर जा पुण्याला. न्हाई तर कुरकुंभ."

एवढी इंग्रजी पुस्तकं वाचून हिला आजोबांवर चार ओळी जमायच्या नाहीत, याची मला खात्री होती. ती मात्र दौंडला जाऊन आजीकडं बस, आजीच्या शेजारच्या तुकाआप्पांकडं बस, असं करत गावभर फिरली. "दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, बाबा."

"पंच्याहत्तरी हाय ती, कोर्ट न्हाई!"

सोहळ्याच्या दिवशी तिनं कागद हातात ठेवला. "आधी एकदा नजर टाका."

"मी? ह्या तालुक्यातला एक मांडव दाखव, जिथं मी बोललो न्हाई!"

इथं एक सांगायला हवं. भाषण करताना माझा आवाज पुढं धावतो. अर्थ मागनं चालत येतो.

"गावात शाळा आबांनी आणली, असं आबा सांगतात!" मी गरजलो. टाळ्या! "त्या शाळेला पहिला विरोध आबांनीच केला, कारण त्या जागेवर त्यांची कडब्याची गंज होती, असं तुकाआप्पा सांगतात!"

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. एकटे तुकाआप्पा वाजवत राहिले. खालून संपत जिवाच्या आकांतानं हात हलवत होता. मला वाटलं, मागं ऐकू जात नाही. मी आवाज वाढवला.

"भीमेच्या पुरात आबांनी बुडता बैल वाचवला, असं आबा दरवर्षी सांगतात! बैल पोहत येत होता आणि आबा त्याच्या शेपटीला होते, असं आजी सांगते!"

आता अर्थ येऊन पोचला. पण तोंड थांबेना!

"बैल आज हयात नाही. त्यामुळे त्याची बाजू कळू शकली नाही!"

मांडव फुटला. आचाऱ्याचा झारा कढईत पडला. पहिल्या रांगेत सासूबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. "वाचा की पुढं, पाव्हणं! आमचं लगीन राह्यलं आजून!"

आबा उठले. तोंड फेट्याच्या रंगाचं झालेलं. त्यांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला.

"कुणी लिवलं हे?"

"तेजूनं!" मी पोटच्या पोरीकडं बोट दाखवलं. (बाप म्हणून मी नेहमी तिच्या पाठीशी असतो. त्या दिवशी जरा जास्तच पाठीशी होतो.) "मामा, मी निस्तं वाचलं!"

आबांनी तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "पोरी, पुण्यात हेच शिकवत्यात व्हय?"

"व्हय, आबा."

"आन् किती राह्यलंय?"

"लई राह्यलंय."

"मग हिला आत्ताच्या आत्ता पुण्याला धाडा! हितं ठिवली तर समद्या तालुक्याच्या शेपट्या हुडकत बसंल!"

"पण मामा, संपत म्हनतोय कुरकुंभला..."

"कुरकुंभ हितनं हाकेवर हाय! पुण्याला म्हनलो न्हवं!"

तेजू दुसऱ्या दिवशी गेली. सासूबाईंनी बुंदीचा डबा दिला, आबांनी स्वतः स्टेशनला सोडलं आणि गाडी सुटेपर्यंत हलले नाहीत. खात्री करून घेत असावेत.

परवा फोनवर मी मोठ्या मनानं म्हटलं, "तुमच्या वर्गात मला एकदा भाषणाला बोलव की."

"कसं बोलवणार बाबा? पंच्याहत्तरीचा व्हिडिओ मी वर्गात दाखवलाय. तुम्ही आता आम्हाला अभ्यासाला आहात!"

माझी छाती फुगली. "कुठल्या विषयाला गं?"

"दोन्ही. खरं घडलंय म्हणून इतिहासाला. आणि सांगून कुणाला खरं वाटत नाही, म्हणून साहित्याला!"