कोठीतली रिळं

माझ्या मावशीने एकाहत्तरच्या लढाईत कॅमेरा खांद्यावर घेऊन सीमेवर माहितीपट काढले. तेव्हा या कामात बाई म्हणजे आठवं आश्चर्य. पुढे तिला शाली इतक्या मिळाल्या की आमच्या मालवणच्या उकाड्यात त्यांचं करायचं काय, हाच प्रश्न. निवृत्तीनंतर ती माझ्याकडे राहायला आली, ती माहितीपटांतून गाळलेल्या तुकड्यांचे डबे घेऊन. घरातली थंड जागा म्हणून तिने ते कोठीत ठेवले. कोणी हात लावला की वसकन अंगावर यायची.

गेल्या वर्षी एका सत्कारात ती बोलून गेली, की आमच्याच जिल्ह्यातल्या नांदगावकडच्या एका जवानाचं चित्रण तिच्याकडे आहे; नंतर काही दिवसांतच तो लढाईत गेला. ते ऐकून त्याची मुलगी आमच्याकडे आली. पन्नाशी उलटलेली, पिशवीत आमच्यासाठी काजू. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. घरी त्याचा एक फोटो, बस्स.

"माका फक्त तो चलता कसो, तेवढाच बघूचा आसा," ती म्हणाली.

मावशीने डबा उघडला आणि आंबट भपका आला. फिल्म सडू लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो, हे मावशीनेच कितीजणांना शिकवलेलं. पण आमची ख्रिस्ती घरातली कोठी! तिथे माडाच्या सुरेचं व्हिनेगर बारा महिने मुरत असतं. त्या वासात या वासाचा पत्ता कोणाला लागणार? रीळ आकसून चिकटलं होतं. सोडवायला घेतलं तर तुकडे पडले.

मला मावशीचा भयंकर राग आला, आणि लगेच तिची कीवही. ती बाई पदर सावरून उठली. "असांदे, मावशे."

"बस गो," मावशी म्हणाली. "माका तो दिसता."

ते चित्रण तिने कापण्याआधी संकलनाच्या टेबलावर कितीदा तरी पुढे-मागे फिरवून पाहिलं होतं. तिने काठी भिंतीला टेकवली आणि चालू लागली. उजवा खांदा पाडून, पाऊल बाहेर टाकत, मधूनच डावा हात झटकत. ऐंशीला टेकलेली म्हातारी! ती पडेल, अशी मला धास्ती.

बाईने तोंडावर हात धरला होता. "माझो झील, तेंचो नातू, असोच चलता," ती म्हणाली. "आमी तेका इचारतव, ह्या खंयसून शिकलंस?"

मग हळूच म्हणाली, "मावशे, परत एकदा."

मावशी पुन्हा चालली.