बेण्याचं कारलं

कारल्याचं मी तोंडही बघत नाही. पण पिकून आपोआप उललेल्या कारल्यात बियांवर लालभडक, बुळबुळीत गर असतो आणि तो चक्क गोड लागतो, हे मला लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर मांडवीला सासरच्या घरात कळलं. सांगणारी माझी नणंद, चार दिवस माहेरपणाला आलेली. अंगणातल्या वेलाच्या मांडवाखाली पडलेलं केशरी कारलं तिनं उचललं, त्यातली एक बी माझ्या तोंडात कोंबली आणि म्हणाली, "वहिनी, चोख नि थुंक. चावू नको."

मी चोखली, थुंकली. बी पायरीपलीकडे गेली. तिची थेट तुळशीपर्यंत. झालं, शर्यतच लागली. दोघी पन्नाशीला टेकलेल्या, पण हसून हसून पोट दुखायला लागलं. तिची एक बी शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या सीटवर जाऊन चिकटली, तेव्हा तर मी ओट्यावर आडवीच झाले.

तेवढ्यात सासरे बाहेर आले. वेलावर खूण म्हणून बांधलेला पांढरा दोरा त्यांनी हातात धरला. नुसता दोरा. "इथलं बेण्याचं कारलं कोणी काढलंन गो?"

आमचं हसू थांबलं. सासूबाईंना जाऊन सहा महिने झाले होते. हा वेल त्यांच्या वेळणेश्वरच्या माहेरचा. दरवर्षी एक फळ त्या बेण्यासाठी, म्हणजे पुढच्या साली पेरायच्या बियांसाठी, राखत, आणि यंदा तेवढं एकच धरलं होतं.

मग आम्ही दोघी गुडघ्यांवर, चिऱ्यांच्या फटींत बोटं घालत अंगणभर. तुळशीतली सापडली, स्कूटरवरची सापडली. शेजारची कोंबडी आमच्या पुढेच होती. तिला हाकलताना नणंदेच्या चपलेचा अंगठा तुटला आणि मला परत हसू फुटलं. लाज वाटत होती, तरी थांबेना. कशाबशा एका आळ्यापुरत्या बिया जमल्या. त्या सासऱ्यांपुढे धरून मी म्हटलं, "चुकलं, बाबा."

ते रागावले नाहीत. कारल्याच्या सालीत एक बी गरासकट राहून गेली होती, तिच्याकडे बघत बसले.

"बेणं काढताना दर साली म्हणायची, चाखून बघा, गोड आहे. मला वाटायचं, थट्टा करते. कारलं कधी गोड असतं होय?"

त्यांनी ती बी जिभेवर ठेवली. बराच वेळ चोखत राहिले.

"खरं सांगत होती गो," ते म्हणाले.