आधी पत्र, मग नाताळ

घडून गेलेल्या गोष्टींचा अहवाल लिहिणारे लोक पैशाला पासरी मिळतील. पण अहवाल आधी लिहून मग सगळ्यांना तो जगायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या चर्चच्या तरुण संघाचे पुढारी मामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते. शहापूरला जंगलखात्याच्या नाक्यावर ते कारकून होते. खात्याचे अहवाल त्यांच्या टेबलावरून महिनोन्‌महिने हलत नसत आणि त्यापायी साहेब त्यांच्यावर कायम डाफरत असत. नाताळचा अहवाल मात्र मामा नोव्हेंबरातच हातावेगळा करत. संघ शहापूर आणि मुरबाड मिळून एकच होता. शहापूरचे आम्ही आठ जण आणि मुरबाडचा एक, तिथल्या दवाखान्यातला कंपाउंडर, वय वर्षं शेहेचाळीस. मामा त्याला गंभीरपणे 'आमची मुरबाड शाखा' म्हणत.

एकोणीसशे पन्नास-साठच्या त्या दिवसांत आमच्या मंडळीतली बरीच माणसं पोटापाण्यासाठी बाहेरगावी होती. कुणी मुंबईला गिरणीत, कुणी इगतपुरीला रेल्वेत, कुणी नाशकाला. त्या प्रत्येकाला मामांचं नाताळपत्र जाई. मजकूर मामांचा, आणि कार्डांवर नकला करायला आम्ही पोरंपोरी. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते. पहिल्याच वर्षी नक्कल करताना मी थबकले. नाताळला महिना होता आणि कार्डावर लिहिलं होतं, 'यंदाचा नाताळ अत्यंत उत्साहात पार पडला.'

"मामा, अजून झाला नाय ना?"

"पत्र नाताळला त्यांच्या हातात पडायला हवं का नको?"

"हवं."

"मग नाताळची बातमी त्यात हवी का नको? लिव, गो."

मी लिहिलं. एकदा लिहिलं की मामांच्या लेखी ती गोष्ट झालेली असे. आमच्याकडे उरे ते फक्त ती करून टाकणं. एका वर्षी त्यांनी लिहिलं, 'नाटकात तीन मागी लोक उंटावरून आले.' मागी म्हणजे बाळयेशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक. कसाऱ्यापासून कल्याणपर्यंत उंट नव्हता. मामांनी सापगावहून एक बैल आणला. "वशिंड हाय ना त्याला? मग? बाकीचं गोणपाटानं होईल," म्हणाले. बैल गोणपाटं पांघरून मोठ्या ऐटीत अंगणात आला आणि सरळ गव्हाणीपाशी जाऊन बाळयेशूखालचा पेंढा खाऊ लागला. नाटकातली येशूची आई मरिया मी होते. मी बाळ उचललं आणि पळाले. दुसऱ्या वर्षी पत्रात 'गायनफेरी थेट डोळखांबच्या पाड्यांपर्यंत गेली' असं होतं. पत्र रवाना झाल्यावर आम्हाला ते अंतर आठवलं. गेलो! मुरबाड शाखा परत येताना भाताच्या गाडीत आडवी होती. पण एका पाड्यावर एका म्हातारीनं आमचं गाणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काय झालंय रे? कशापायी गाताव?" मामा म्हणाले, "बाळ जन्मलाय, आजे." म्हातारी म्हणाली, "मग आईला काय खायाला दिलंव का नाय कोनी?" आणि आत जाऊन तिनं नाचणीच्या दोन भाकऱ्या आणल्या. मरियेचं काम माझ्याकडे, म्हणून त्या मला मिळाल्या. इतकी गोड भाकरी मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

पत्राच्या शेवटी 'बालपणाची आठवण' असा मथळा असे, आणि आठवण दर वर्षी तीच. मामा आणि त्यांचा धाकटा भाऊ शांतवन, दोघांत मिळून एक कोट. नाताळच्या उपासनेला अर्धा वेळ एकानं कोट घालून पुढच्या बाकावर बसायचं, मग पाणी प्यायला म्हणून बाहेर जायचं, आणि तोच कोट चढवून दुसऱ्यानं आत यायचं. पाळकसाहेबांची कित्येक वर्षं अशी समजूत होती की त्या घरात एकच मुलगा आहे आणि त्याला तहान फार लागते. आठवण तीच असली तरी कोटाचा रंग मात्र दर वर्षी बदले. कधी काळा, कधी निळा, एकदा तर चौकटीचा. आम्ही हटकलं की मामा म्हणत, "शांतवनला इचारा. त्याला ठाव हाय."

पण शांतवनला विचारायची सोय उरली नाही, आणि ती मामांनीच घालवली. शांतवन इगतपुरीला रेल्वेत लागला तेव्हा मामांनी त्याच्यासाठी एका मास्तरांची मुलगी मनात धरली, आणि त्याला न विचारता पत्रात लिहून टाकलं, 'चि. शांतवनचा विवाह निश्चित झाला.' त्यानं ते इगतपुरीला कार्डावर वाचलं. त्याचं उलट कार्ड आलं, 'दादा, माझं लग्न तू ठरवलंस, आता तूच कर.' त्यानंतर तो आला नाही. एक नाताळ गेला, दोन गेले, सहा गेले. मामा दर वर्षी त्याला पत्र पाठवत, तो उत्तर देत नसे. मामांची फजिती म्हणून आम्ही आधी हसलो होतो, पुढे हसू येईना.

सातव्या वर्षी आम्ही नकला करायला बसलो, तर मजकुरात एक ओळ होती, 'यंदा धाकटा भाऊ घरी आला व पुढच्या बाकावर बसला.' सगळ्यांचे टाक थांबले.

"मामा," मी म्हणाले, "उंट केला, डोळखांब केलं. हे आमी कसं करायचं?"

"हे तुमी नाय करायचं, गो," मामा हळूच म्हणाले. "नुसतं लिवा."

त्या नाताळला मामांनी पुढच्या बाकावर शेजारी जागा धरून ठेवली. आसनगाव स्टेशनवरून टांगा आला की त्यांची मान वळे. शांतवन आला नाही. लग्नाची ती बातमी सोडली तर मामांचं पत्र पहिल्यांदाच खोटं ठरलं, आणि संध्याकाळी मामांनी करंजीला हातही लावला नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या वर्षी मामांनी पत्रच लिहिलं नाही. आमचं सगळंच घोडं अडलं. नाताळात काय काय झालं हे ठाऊकच नसल्यामुळे काय करायचं ते कुणाला कळेना. नाटक बसलं नाही. ताऱ्याच्या कंदिलाच्या कामट्या तशाच पडून राहिल्या. मुरबाड शाखा दोनदा येऊन विचारून गेली आणि हताश होऊन परतली. नाताळच्या सकाळी उपासना निम्मी झाली असेल, मी दाराजवळ बसले होते, तर दारात एक माणूस उभा. कानशिलं पिकायला लागलेली, हातात पिशवी.

"दादा हाय ना गो?" त्यानं घाबऱ्या आवाजात विचारलं. "यंदा पत्र नाय आलं. म्हटलं, काय झालं का काय त्याला."

मी नुसतं पुढच्या बाकाकडे बोट दाखवलं. मामांनी मागे वळून पाहिलं. मग ते उठले, पाळकसाहेबांना म्हणाले, "जरा पाणी पिऊन येतो," आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं मामांचा कोट घालून शांतवन आत आला आणि पुढच्या बाकावर बसला. मामा नुसत्या सदऱ्यावर बाहेर पायरीवर बसून राहिले होते. ते रडत होते आणि आम्हीही.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या पत्रांपैकी माझ्याकडे एकच उरलंय, जानेवारीत लिहिलेलं. सगळं होऊन गेल्यावर त्यांनी लिहिलेलं तेवढंच. मजकूर थोडाच आहे:

'यंदा नाटक झाले नाही. तारा लागला नाही. करंज्या करपल्या. शांतवन आला. बालपणाची आठवण: कोट तपकिरी होता.'