शेवटच्या शिट्टीपर्यंत

पलटणीच्या फुटबॉल मैदानाचा जबलपुरात त्या काळी मोठा मान होता. गावातल्या अनवाणी पोरांनी गोऱ्यांच्या संघाला इथेच हरवलं होतं, असं लोक परमुलखातल्या पाहुण्यांना आवर्जून सांगत. मला त्या मैदानाची आठवण झाली की अजून नाकाला रुमाल लावावासा वाटतो.

माझा धाकटा भाऊ तिथे गोलकीपर म्हणून खेळे. विषमज्वराने तो गेला. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. चेंडूमागे धावणं त्यांना रिकामटेकड्यांचं काम वाटे. त्याचा खेळ त्यांनी कधी पाहिला नाही. मीही नाही, मला माझी पुस्तकं पुरत.

दहाव्याला तिलवाऱ्याच्या घाटावर पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना.

"पोराचं काही मनात राहिलं असन," काका वडिलांना म्हणाले. "बोला ना, भाऊ. काहून गप्प राहून राहिले?"

आईला सांभाळू, असं वडिलांनी सांगितलं. त्याच्या नावाने पाणपोई घालू म्हणाले. कावळे हलले नाहीत. मग नदीकडे पाहून ते अगदी हळू म्हणाले, "तुझ्या मैदानावर येईन. खेळ संपेपर्यंत बसेन."

कावळा उतरला.

तेरावं झाल्यावर त्या शब्दाखातर आम्ही दोघे गेलो. साहेबांसाठी लाकडी सज्जा होता, त्यात वेताच्या खुर्च्या. आमच्यासाठी पलीकडचा उतार, आणि उताराखाली नाला. लोक तिथेच बसत, तिथेच थुंकत, आणि चार पावलं बाजूला जाऊन तिथेच उभे राहत. उन्हाने तो सगळा वास वर येत होता. बाजारातून आले तरी आंघोळ करणारे माझे वडील उपरणं अंथरून त्यात बसले. मी नाकाला रुमाल लावला. त्यांनी लावला नाही.

भावाच्या जागी नवा पोरगा उभा होता. पहिलाच गोल त्याच्या पायांमधून गेला. उतार खवळला.

"काए बड्डे, सो गए का?" एकाने त्या पोराला हाक दिली.

आमच्या शेजारी ओमती मोहल्ल्यातला एक जाडजूड कापडवाला बसला होता. तोंडात पान, दोन्ही हात मांड्यांवर. तो उठून ओरडला, "अरे, इससे अच्छा तो वो मरा हुआ रोक लेता!"

सगळे खदखदून हसले. कोणीतरी शीळ घातली. मी उठलो आणि वडिलांच्या दंडाला धरलं. "चला, बाबा. पुरे झालं."

"शिट्टी झाली नाही अजून," ते म्हणाले. मी परत खाली बसलो.

कापडवाला खाली बसला तेव्हा त्याच्या पानाचे शिंतोडे वडिलांच्या धोतरावर उडाले. मला वाटलं, आता ते उठतील. ते त्याच्याकडे वळले आणि शाळेतल्यासारख्या जपून बोललेल्या हिंदीत त्यांनी विचारलं, "वह कैसा रोकता था, भैया?"

"कौन, वो? अरे बाबूजी, क्या बताएँ!" त्याने दोन्ही हात फाकले, एक माझ्या छातीवर आपटला. "ये लंबे-लंबे हाथ! ऊँचा तगड़ा जवान, खड़े-खड़े ऊपर का डंडा छू ले!"

माझा भाऊ माझ्या खांद्याला लागायचा. फळीवरचा डबा काढायला त्याला पाट लागे. हा माणूस भलत्याच कोणाबद्दल बोलत होता, किंवा थापा मारत होता. मला त्याची, त्याच्या लाल दातांची, त्या हसणाऱ्या गर्दीची इतकी किळस आली की मी तोंड फिरवलं.

"हाँ," वडील म्हणाले. "लंबे थे हाथ."

मग शेवटपर्यंत तो बोलत राहिला आणि वडील ऐकत राहिले. शिट्टी झाल्यावर त्यांनी त्याला नमस्कार केला.

घरी येऊन त्यांनी आंघोळ केली, धोतर मोरीत टाकलं. दिलेला शब्द पाळून झाला होता. मला वाटलं, आता त्या घाणीचं तोंड पुन्हा पाहायला नको.

पुढच्या सामन्याच्या दिवशी दुपारी ते कोट घालून दारात उभे होते.

"आता काहून, बाबा?" मी विचारलं.

"तो ओमतीवाला येत असेल," ते म्हणाले, आणि उपरणं घेऊन एकटेच निघाले.