आधी मनात मराठी

अठरा वर्षं इंग्रजी शिकवल्यावर माझी पातळी ए-टू निघाली.

अकोल्यात शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना संगणकासमोर बसवून परीक्षा घेतली. वाचन बरं गेलं. मग कानाला हेडफोन लावले. त्यात एक बाई आणि एक माणूस दवाखान्याच्या वेळेबद्दल बोलत होते. पहिलं वाक्य मला कळेपर्यंत त्यांचं चौथं चालू झालेलं असायचं. बोलण्याच्या भागात तर माझाच आवाज मला ओळखू येईना. निकालाच्या कागदावर वाचनापुढे बी-वन होतं, ऐकण्या-बोलण्यापुढे ए-टू. तो कागद मी चार घड्या करून खिशात घातला आणि घरी प्रशिक्षण चांगलं झालं म्हणून सांगितलं.

क्लास लावायचं ठरवलं, पण अकोल्यात नको. जुन्या शहरात माझी शाळा, निम्मं गाव ओळखीचं. म्हणून दर रविवारी गाडीने बडनेरा, तिथून ऑटोने अमरावती. पहिल्याच रविवारी मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं आणि माझ्या पायाशी वाकलं.

मी तिला ओळखलं नाही. तिने गावाचं नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. धारणीकडच्या त्या शाळेत मी नोकरीची पहिली सहा वर्षं काढली होती. ती तेव्हा पाचवीत होती, नंतर सातवीपर्यंत माझ्याच वर्गात. आता अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. परदेशात नर्सच्या जागा होत्या, आणि त्यासाठी वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं अशा चारही भागांत बी-टू लागत होतं. ती दोनदा परीक्षेला बसली होती. दोन्ही वेळा बोलण्यात बी-वन.

सर कशासाठी आले, असं तिने विचारलं नाही. नव्या पुस्तकांसाठी काही टिपणं काढायची आहेत, असं मीच सांगून टाकलं.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी फळ्यावर खालून वर सहा रेघा मारल्या आणि समजावलं. ए-वनला आपलं नाव-गाव सांगता येतं. ए-टूला बाजारहाट, वेळ, रस्ता, असं रोजचं साधं. बी-वनला ओळखीच्या कामात निभावून नेता येतं. बी-टूला समोरच्याला ताटकळत न ठेवता बोलता येतं, आपलं म्हणणं पटवून देता येतं. सी-वन, सी-टू त्याच्या वर. "यात पास-नापास नाही," त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठे उभे आहात एवढंच कळतं. आणि वर जाल तशी प्रत्येक पायरी जास्त वेळ मागते." वर्गातल्या सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मीही घेतलं.

पाचव्या की सहाव्या रविवारी मॅडमनी तिला उभं केलं. रुग्णाच्या नातेवाइकाला धीर द्यायचा होता. तिची वाक्यं चुकत नव्हती. पण प्रत्येक वाक्याआधी ती थांबायची. डोळे वर, ओठ हलायचे, आणि मग वाक्य यायचं, पूर्ण, व्याकरणशुद्ध. तोवर नातेवाईक झालेली मुलगी घड्याळाकडे बघायला लागली होती.

तू थांबतेस तेव्हा डोक्यात काय करतेस, असं मॅडमनी विचारलं.

"भाषांतर करते मॅडम. आधी कोरकूत येते, घरची भाषा हाय ना. मग त्याचं मराठी वाक्य करते, मग इंग्रजी." ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर खरोखरचा अभिमान होता. "सरनंच सांगतलं होतं आमाले. आधी मनात मराठी वाक्य करा, मग त्याचं इंग्रजी."

मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हीच सवय तुला बी-वनवर अडकवून ठेवते आहे."

मी वहीत बघत राहिलो. मी ते सांगितलं होतं. रोज सांगितलं होतं, फळ्यावर वर मराठी आणि खाली इंग्रजी लिहून. घरी मराठी न बोलणाऱ्या पोरांना, सहा वर्षं. त्यांना आधी मराठीपर्यंतच केवढं चालावं लागतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. शाळेत कोरकू बोलणाऱ्याला मी शिक्षा म्हणून उभं करत होतो, तेही आठवलं.

जिना उतरताना मी तिला म्हणालो, माझं चुकलं.

"काय चुकलं सर?" तिला खरंच कळलं नाही. "तुमी नसते तं मी नर्स झाली असती का?"

मी बडनेऱ्याचा ऑटो धरला.

ती सवय मोडायला तिने जिवाचं रान केलं. दवाखान्यात जाता-येता स्वतःशी इंग्रजी बोलायची. थांबायचं नाही म्हणून घाई करायला लागली, आणि घाईत व्याकरण सुटायला लागलं. तिसऱ्या परीक्षेत बोलण्यात पुन्हा बी-वन आलं, लिहिण्यातही एक पायरी घसरली. त्या वर्षीची भरती संपली. रविवारी ती यायची बंद झाली. मी फोन केला तेव्हा वॉर्डात होती. घरच्यांनी आता पुरे म्हटलं, असं म्हणाली, आणि माझ्या टिपणांचं काम कुठवर आलं ते विचारलं.

मी मार्चपर्यंत क्लास केला. पुन्हा परीक्षा दिली. ऐकण्यात ए-टू, बोलण्यात ए-टू. आणखी दीड-दोन वर्षं नेटाने केलं तर फरक पडेल, असं मॅडम म्हणाल्या. मी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी गेलो नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी पोरांना सांगितलं, मराठीत विचार करू नका, सरळ इंग्रजीत बोला. चाळीस पोरं माझ्याकडे बघत बसली. एका मुलीने विचारलं, "पण सर, सरळ म्हंजे कसं?" मी तिला एखादं वाक्य बोलून दाखवायला तोंड उघडलं, आणि माझ्या मनात आधी मराठी वाक्य तयार झालं.

पंधरा दिवस मी वेगवेगळं करून पाहिलं. मग फळ्यावर वर मराठी वाक्य लिहिलं, खाली इंग्रजी. पोरांना हायसं वाटलं. ती भराभर उतरवून घेतात. त्यात चार पोरं अशी आहेत, ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत. मला आता ते माहीत आहे. यापलीकडे त्यांना देण्यासारखं माझ्याकडे काही नाही.